फुप्फुसरोगांचे संशोधक कसे घडतात

क्षयरोग्याला आरोग्यधामातच ठेवले पाहिजे, भरपूर विश्रांती आणि पौष्टिक आहार यांखेरीज तो बरा होत नाही, अशी एकेकाळी वैद्यकांची सर्वसाधारण धारणा होती. भारतातील लक्षावधी रोग्यांसाठी इतक्या खाटा आणावयाच्या कोठून, हा प्रश्न मोठा होता. त्याचा शास्त्रीय पद्धतीने विचार करण्यासाठी १९५६ मध्ये मद्रास (आजचे चेन्नई) येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त उपक्रम होता.

शहरातील गरीब वस्त्यांमधील १९३ रोग्यांची, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गटांत विभागणी करण्यात आली. एक गट आरोग्यधामात राहिला, दुसरा स्वतःच्या घरी. औषधे तीच, मुदतही एकच, एक वर्षाची. घरच्या रोग्यांना आहार निकृष्ट, जागा अपुरी आणि श्रम अधिक. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आरोग्यधामातील ९२ टक्के आणि घरी राहिलेल्या ८६ टक्के रोग्यांचा रोग आटोक्यात आला होता. पुढे घरोघरी उपचार देण्याचे धोरण अनेक देशांनी स्वीकारले, त्याचा पाया येथे घातला गेला.

निराळे शिक्षण

हे कार्य केवळ कुशल डॉक्टरांच्या हातून झाले नसते. समोरच्या रोग्यासाठी आपल्याला उत्तम वाटेल तो उपचार तत्काळ ठरविणे, हे डॉक्टरला शिकविलेले असते. अशा संशोधनात मात्र कोणता रोगी कोणत्या गटात जाईल हे त्याने ठरवावयाचे नसते. क्षकिरणचित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञालाही रोग्याचा गट कळू द्यावयाचा नसतो. घरी दिलेले औषध खरोखर घेतले जाते काय, हे अचानक भेट देऊन लघवीच्या तपासणीने पडताळावे लागते. स्वतःच्या मताला असा लगाम घालण्याची सवय पुस्तके वाचून लागत नाही. जंतुशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ यांच्यासमवेत काही वर्षे काम केल्यानेच ती अंगी मुरते.

अडचण या वर्षांचीच आहे. एम.बी.बी.एस.ला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे आणि श्वसनरोगशास्त्रातील एम.डी.ला तीन वर्षे लागतात. एम.डी.साठी प्रबंध आवश्यक असतो, परंतु पुष्कळदा तो परीक्षेची एक अट म्हणूनच उरकला जातो. त्यानंतर पीएच.डी. करावयाची तर तिशी उलटते. बरोबरीचे मित्र तोवर व्यवसायात स्थिरावलेले असतात, घरच्यांच्या अपेक्षाही असतात. या टप्प्यावर पुरेशी अधिछात्रवृत्ती आणि रुग्णसेवेच्या भारातून काही वेळ मोकळीक मिळाली नाही, तर होतकरू संशोधक हातचा जातो. वैद्यकीय संशोधन परिषदेने विद्यार्थ्यांसाठी १९७९ मध्ये अल्पमुदतीची छात्रवृत्ती सुरू केली, ती आवड लवकर निर्माण व्हावी म्हणून. आवड टिकविणे हे पुढचे व अधिक खर्चाचे काम.

दोन्ही शिक्षणांचा मेळ बसला म्हणजे काय साधते, याचे उदाहरण डॉ. ए. एस. पेंटल यांचे आहे. लखनौ येथे वैद्यकीय पदव्या घेऊन त्यांनी एडिंबरो येथे पीएच.डी. केली. फुप्फुसांतील केशवाहिन्यांलगत असणाऱ्या 'जे' संवेदकांचा शोध त्यांनी लावला. फुप्फुसांत रक्त वा द्रव साठू लागला की ही संवेदके चेतवली जातात आणि श्वास जलद व उथळ होतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे ते पुढे अनेक वर्षे संचालक होते. याउलट, जीवरसायन वा पदार्थविज्ञान शिकून या क्षेत्रात येणाऱ्या शास्त्रज्ञाने धाप लागलेला रोगी कधी पाहिलेलाच नसतो. त्याला बाह्यरुग्ण विभागात बसविणे तितकेच अगत्याचे आहे.

गावपातळीवर

प्रशिक्षणाचा काही भाग वस्त्यांत आणि गावांतच पुरा होतो. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर, खार येथील रहिवाशांच्या प्रकृतीची ग्रामीण भागातील लोकांशी तुलना करून हवेच्या प्रदूषणाचे परिणाम अभ्यासले. अशा पाहणीत घरे आधीच ठरलेल्या पद्धतीने निवडलेली असतात. निवडलेले घर बंद असले, म्हणून शेजारचे घेता येत नाही. कामावर गेलेला माणूस परतेपर्यंत थांबावे वा पुन्हा यावे लागते. सोयीस्कर भेटणारीच माणसे तपासली, तर धडधाकट व कष्टकरी नेमके वगळले जातात आणि आकडे चुकतात. पथक एकाच दारी तीनदा का येते, अशी विचारणा ग्रामस्थ सरपंचांकडे वा शिक्षकांकडे करतात. त्यांना हे कारण सांगता आले, तर तिसऱ्या खेपेला दार उघडते.