पुरावा हाती आल्यानंतर

टालिन, एस्टोनिया

जेमतेम तेरा लाख वस्तीचा हा देश. पुणे शहराच्या निम्मीही माणसं नाहीत. तरी सायबर सुरक्षेचा कारभार आणि कायदा शिकायला जगभरातून मुलं इथे येतात. टालिनचं तंत्रविद्यापीठ आणि तार्तू विद्यापीठ मिळून दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात, त्यात मी शिकते आहे. संगणकाची मुलं कायद्याच्या तासाला आधी कंटाळतात, मग वाद घालायला लागतात. मी उलट्या दिशेनं आले आहे, कायद्याकडून.

इथे काय शिकवतात ते कळायचं तर २००७ चा एप्रिल माहीत हवा. शहराच्या मध्यावर, त्योनिसमागीला, सोव्हिएत सैनिकाचा काशाचा पुतळा होता. रशियन भाषकांच्या लेखी ती नाझींवरच्या विजयाची खूण, एस्टोनियनांच्या लेखी परक्या सत्तेची. सरकारनं तो हलवायला घेतला आणि २६ एप्रिलच्या रात्री दंगल उसळली. पाठोपाठ सरकारी खाती, संसद, बँका, वर्तमानपत्रं या सगळ्यांच्या सर्व्हरवर बनावट मागण्यांचा मारा सुरू झाला. तो सुमारे तीन आठवडे चालला.

तंत्रज्ञांनी देशाबाहेरून येणारी रहदारी अडवून कामं चालू ठेवली. वकिलांना मात्र वाट सापडेना. १९९३ च्या परस्पर साहाय्य कराराच्या आधारे एस्टोनियानं रशियाकडे तपासात मदत मागितली; असली मदत करारात बसत नाही, असं उत्तर आलं. अखेर शिक्षा झाली ती देशातल्याच एका विद्यार्थ्याला, साडेसतरा हजार क्रून दंडाची. एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला सगळ्यांवरचा मानणाऱ्या नाटोच्या पाचव्या कलमाचीही चर्चा झाली. पण सर्व्हर बंद पाडणं हा सशस्त्र हल्ला ठरतो का, हे कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र टालिनमध्ये उभं राहिलं. पुतळा लष्करी दफनभूमीत नेला होता, तिच्याच रस्त्यावर, फिल्त्रीवर, हे केंद्र आहे. केंद्राच्या निमंत्रणावरून मायकल श्मिट यांच्या संपादनाखाली कायदेतज्ज्ञांनी ‘टालिन मॅन्युअल’ लिहिलं. २०१३ च्या पहिल्या आवृत्तीत ९५ नियम, ते युद्धाभोवतीचे. २०१७ च्या दुसरीत १५४, शांतताकाळ धरून. हा तह नाही, कुणावर बंधनकारक नाही. तरी आमचे सगळ्यात चांगले तास त्यावर होतात, कारण तज्ज्ञांचं कुठे जमलं नाही तेही त्यात प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. नुसती माहिती पुसली, एकही यंत्र मोडलं नाही, तर युद्धाच्या कायद्यानं ती ‘वस्तू’ नष्ट केली म्हणायचं का? बहुतेकांनी नाही म्हटलं. लोकसंख्येची नोंद, जमिनीचे उतारे, सगळं संगणकात ठेवणाऱ्या देशाला हे उत्तर पटणं कठीण आहे. मलाही ते पटत नाही.

म्हणून एस्टोनिया आपली बाजू स्वतः मांडत राहतो. २०१९ मध्ये इथल्याच परिषदेत तत्कालीन राष्ट्राध्यक्ष केर्स्ती काल्युलाइद यांनी देशाची भूमिका जाहीर केली. ज्याच्यावर सायबर हल्ला झाला नाही असा देशही पीडिताच्या मदतीसाठी प्रत्युपाय करू शकतो, हे त्यातलं सर्वांत धाडसी कलम. मोठ्या देशाला सोबत्याची परवानगी लागत नाही. लहान देशाला सोबत कायद्यातूनच मिळवावी लागते. इथल्या शिक्षणाचा गाभा मला हाच वाटतो.

कायद्याप्रमाणे कारभाराचीही परीक्षा संकटातच होते. ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस चेक संशोधकांनी कळवलं की एस्टोनियाच्या ओळखपत्रातल्या चिपमध्ये दोष आहे. सुमारे साडेसात लाख कार्डं त्या दोषाची. याच कार्डावर लोक सही करतात, मतदानही करतात, आणि ऑक्टोबरमध्ये स्थानिक निवडणूक होती. सरकारनं काही दिवसांतच हे जनतेला सांगितलं, ऑनलाइन मतदान होऊ दिलं आणि नोव्हेंबरमध्ये सदोष प्रमाणपत्रं स्थगित केली. वर्गात आम्हाला मंत्र्याच्या, निवडणूक अधिकाऱ्याच्या, बँकेच्या जागी बसवून हा निर्णय पुन्हा घ्यायला लावतात. मी मतदान थांबवण्याच्या बाजूनं बोलले होते, आणि अजूनही त्या मताची आहे.

लोक या कारभारावर एवढा विश्वास ठेवतात याचं एक कारण साधं आहे. आपली नोंद कोणत्या खात्यानं केव्हा उघडली हे नागरिकाला सरकारी पोर्टलवर बघता येतं, आणि कामाशिवाय डोकावणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होते. देशावर संकट आलं तर नोंदी शाबूत राहाव्यात म्हणून त्यांच्या प्रती लक्झेंबर्गमध्ये ठेवल्या आहेत. राजनैतिक संबंधांच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात सर्व्हरची खोली कशी बसवायची हे धड ठरत नव्हतं, म्हणून २०१७ मध्ये दोन्ही देशांनी स्वतंत्र करार करून तिला दूतावासासारखं संरक्षण दिलं.

सीमेपलीकडच्या तपासाचं मी वर्गात मांडलेलं प्रकरण मात्र पुण्याचं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी देशात आणि आणखी २८ देशांत एटीएममधून पैसे काढले गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. दोषी ठरले ते भारतातल्या एटीएमवर रोकड काढणाऱ्या साखळीतले. टालिनच्या त्या विद्यार्थ्याची आठवण सगळ्यांनाच झाली: घरचा हाती लागतो, सीमेपलीकडचा सुटतो.

सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात एस्टोनिया आहे, भारत नाही. करार लिहिताना आम्हाला विचारलं नव्हतं आणि परक्या तपासयंत्रणेला आमच्या हद्दीतल्या माहितीपर्यंत पोचू देणं मान्य नाही, ही भारताची हरकत. ती मला रास्त वाटते. पण करारात नसल्यानं पुण्याच्या तपास अधिकाऱ्याला बाहेरच्या सर्व्हरवरची नोंद मिळवायला द्विपक्षीय करार किंवा न्यायालयाचं विनंतीपत्र हाच मुख्य मार्ग उरतो, आणि नोंदी तोवर पुसल्या जातात. करारात न शिरताही नोंद निदान जपून ठेवण्याची विनंती तातडीनं कशी पोचवता येईल, यावर माझा प्रबंध आहे. मार्गदर्शकांनी पहिला मसुदा परत पाठवताना एकच सूचना लिहिली: विनंती घेणारा अधिकारी कोण, त्याचं पद आणि त्याला मिळणारे तास आधी ठरव, मग कलमं लिही.