शेल खडक किती ठिसूळ, हे कसे ठरवतात?

आपल्या बडोद्याहून फार लांब नसलेल्या जंबुसरजवळ ओएनजीसीने २०१३ साली शेल गॅसच्या शोधासाठी विहीर खणली होती. अशा बातम्यांत ‘फ्रॅकिंग’ हा शब्द हमखास येतो, म्हणून त्यामागचा एक मूळ प्रश्न आपण समजून घेऊ.

शेल म्हणजे बारीक गाळ दाबला जाऊन तयार झालेला, पापुद्र्यांचा खडक. त्यातली छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की आतला वायू आपणहून विहिरीत येत नाही. म्हणून प्रचंड दाबाने पाणी सोडून तडे पाडतात आणि ते मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू पाठवतात. पण प्रत्येक शेल तडकतोच असे नाही. पाक नीट झालेली चिक्की कट्‌कन मोडते, कच्च्या पाकाची नुसती वाकते. खडकाचेही तसेच.

पहिला मार्ग खनिजे मोजण्याचा. खडकाचा चुरा करून क्ष-किरणांनी तपासतात. क्वार्ट्झ जास्त असेल तर खडक ठिसूळ, चिकणमाती जास्त असेल तर नरम. टेक्सासमधील बार्नेट शेलचा अभ्यास करून जार्वी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये साधे सूत्र दिले: क्वार्ट्झला क्वार्ट्झ, कार्बोनेट आणि चिकणमाती यांच्या बेरजेने भागायचे. समजा ही तिन्ही अनुक्रमे ४५, १५ आणि ३० टक्के आहेत, तर उत्तर ०.५. पुढे काहींनी डोलोमाइटही ठिसूळ बाजूला धरले. वरच्या १५ पैकी ९ टक्के डोलोमाइट असेल, तर त्याच खडकाचे उत्तर ०.६ होते! खडक तोच, फक्त हिशेब बदलला.

दुसरा मार्ग ध्वनिलहरींचा. विहिरीत उपकरण सोडून लहरींचा वेग मोजतात. त्यावरून आणि घनतेवरून खडक किती ताठ आहे (यंग गुणांक) आणि दाबल्यावर बाजूंना किती फुगतो (पॉइसाँ गुणोत्तर) हे काढतात. ताठ आणि कमी फुगणारा तो ठिसूळ. नमुना वर न आणता खोलीभर सलग आकडे मिळतात, ही मोठी सोय.

तरी एका आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. बँकेत आम्हीही नुसता करंट रेशो पाहून कर्ज मंजूर करत नसू. बार्नेटच्या खाली काही भागांत व्हायोला हा चुनखडक आहे. ताठपणामुळे असा खडक या मापात चांगले गुण मिळवू शकतो, पण प्रत्यक्षात तो तडे अडवतो. तिथे ते सोयीचेच, कारण त्याखालच्या एलेनबर्गर थरात पाणी आहे. जिथे व्हायोला नाही, तिथे तडे खाली उतरून विहिरीत पाणी शिरण्याची भीती असते.

शिवाय खोलीवर चहूबाजूंनी दाब असतो. प्रयोगशाळेत उघडा दाबलेला नमुना तडकेल, पण तोच खडक त्या दाबाखाली वाकू शकतो. म्हणून चाचणीतही नमुन्याभोवती दाब ठेवतात. आणि नरम शेलमध्ये तडा पडला तरी वाळूचे कण त्याच्या भिंतींत रुततात आणि तडा हळूहळू मिटत जातो.