पळणारा चौकोन, हटून बसणारा त्रिकोण

गुल खरवडून काढलेल्या चार आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे चार छोटे तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की झाला चौकोन. तिसरीतल्या मुलाच्या हातात तो द्या. कोपऱ्याला बोट लागताच तो कलंडतो, चेपतो. बाजू तेवढ्याच, कोन मात्र पळालेले. आता एक काडी कमी करून त्रिकोण जुळवा. दाबा, ढकला, हा ढिम्म! काड्या त्याच, रबर तेच, मग एवढा हटवादीपणा आला कुठून?

निव्वळ आकारातून. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाला दुसरं रूपच घेता येत नाही. पुढे पुस्तकात हे ‘बाबाबा कसोटी’ म्हणून येतं, पण बोटांना ते आधीच कळलेलं असतं. पत्र्याच्या शेडची कैची पाहा, विजेचा मनोरा पाहा, सगळीकडे हाच त्रिकोण राबतो आहे.

ही युक्ती अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे खेळण्यांतच रमले. २०१४ पर्यंत ते पुण्यातच, आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. एकेकाळी सायकलींच्या असलेल्या या शहरात व्हॉल्व्ह ट्यूबला काय तोटा होता!

खरी गंमत चौकोन पक्का करताना येते. कर्णावर काडी लावायला जावं तर ती पुरतच नाही. मग कुणी चौकोन चेपून काडी बसवतं आणि कोनमापक न धरताच ६० आणि १२० अंशांचे कोन मिळवतं. कुणी खराट्याचा हीर तोडून आणतं. तो मोजला तर बाजूच्या जवळजवळ १.४ पट. चौकोन दुप्पट करा, हीरही दुप्पट लागतो; पट तीच. दोनाचं वर्गमूळ असं खराट्यातून वर्गात येतं, नाव न सांगता.

ट्यूबला काट्याने भोक पाडून तिसरी काडी घुसवली की आकार कागदावरून उठतो. सहा काड्यांचा चतुष्फलक लगेच ताठ. बारा काड्यांचा घन मात्र डुलतो. सहाही पृष्ठांवर एकेक हीर बांधला, की उभा. चार कोपऱ्यांना सहा काड्या, आठ कोपऱ्यांना अठरा. कोपऱ्यांची तिप्पट करून सहा वजा करा, हिशेब जुळतो. वीस त्रिकोणांच्या गोळ्याला बारा कोपरे असतात. काड्या किती लागतील, हे पोरांना आधी कागदावर काढू द्यावं आणि मगच काडेपेटी उघडावी.