कटिंगच्या खुर्चीपर्यंत

केस कापताना दुखत नाही, याची आपल्याला इतकी खात्री असते की मूल कात्री बघून किंचाळायला लागलं की तोंडात पहिला शब्द येतो तो 'हट्ट'. माझ्या मुलाबद्दल मीही तेच म्हणायचे. तो चार वर्षांचा असताना आम्ही दोघांनी त्याचे हातपाय धरले, सलूनवाल्यांनी घाईघाईने मशीन फिरवलं, आणि सात-आठ मिनिटांत काम उरकलं. पुढचं सव्वा वर्ष तो त्या दुकानात पाऊल टाकेना. दुकानच काय, त्या रस्त्याने चालायलाही तो तयार नव्हता.

म्हणून सुरुवात कारणापासून करू. केस निर्जीव असतो, पण त्याच्या मुळाभोवती मज्जातंतूंचं बारीक जाळं असतं. केस जरासा हलला तरी खाली मेंदूपर्यंत निरोप जातो. आपल्यापैकी बहुतेकांचा मेंदू असे निरोप परस्पर बाजूला सारतो. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, अनेक मुलांच्या बाबतीत ही चाळणी वेगळी असते. स्पर्श, आवाज, वास, उजेड हे काहींना फार जास्त जाणवतं, तर काहींना फार कमी. याला संवेदी अडचण म्हणतात. अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी १९७० च्या दशकात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. २०१३ साली डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांमध्येही तिचा समावेश झाला. तेव्हा मूल 'दुखतंय' म्हणतं तेव्हा ते खरंच बोलत असतं, असं धरून चालू या.

पहिलं काम मुलाशिवाय करायचं. आपण एकटे सलूनमध्ये जाऊन पंधरा मिनिटं बाकावर बसा आणि नीट ऐका, बघा, हुंगा. टीव्ही चालू असतो. आफ्टरशेव्ह आणि पावडर यांचा मिसळलेला वास असतो. समोर आरसा, मागे आरसा, त्यात हलणारी अनोळखी माणसं. गार पाण्याचा फवारा न सांगता येतो. गळ्याभोवती कापड आवळलं जातं. कोणीतरी डोकं धरून अचानक खाली वाकवतं. आणि सगळ्यात शेवटी मानेवर टोचणारे बारीक केस. आपण ज्याला 'कटिंग' म्हणतो, तो मुलासाठी असा एकामागून एक दहा-बारा गोष्टींचा मारा असतो.

यातलं नक्की काय झेपत नाही, ते घरातल्या खुणांवरून बऱ्यापैकी कळतं. मिक्सर लावला की कान झाकतो का? मग मशीनचा आवाज. शर्टाच्या मानेचं लेबल कापून टाकावं लागतं का? मग कापड आणि पडणारे केस. अंघोळीत डोकं मागे करायला घाबरतो का? मग तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न आहे, त्याचं डोकं वाकवू नये. एक गोष्ट मला फार उशिरा कळली: कानामागे टेकलेल्या मशीनची थरथर हाडातून थेट आतल्या कानात पोचते. त्यामुळे कानांत बोळे घातले तरी ती पूर्णपणे थांबत नाही.

आणि हो, आधी निमूट केस कापून घेणारं मूल अचानक नको म्हणू लागलं, तर उवा, टाळूवर नायटा किंवा कानदुखी नाही ना, ते तपासा. बोलता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही शंका आधी घ्यायची.

आता घरातली तयारी. हिला काही आठवडे लागतात, महिनेही लागू शकतात. आपल्याकडे एक सोपी सुरुवात आयतीच आहे, ती म्हणजे डोक्याला तेल लावणं. फक्त बोटांची टोकं फिरवू नका. हलका, सरकता स्पर्श अनेक मुलांना झोंबतो. पूर्ण तळहात टेकवा, सावकाश आणि ठाम दाबा, मग उचला. हात कुठे येणार ते आधी सांगा, 'आता मागे'. रोज दोन मिनिटं पुरेत. मूल कुरकुरायच्या आधी थांबा, कंटाळल्यावर थांबणं म्हणजे उशीर झाला.

तेल जमलं की कंगवा. मग नुसती कात्री, दोन हात लांबून, हवेत कचकच करायची. मग ती जवळ. मग डोक्याच्या बाजूला, एकही केस न कापता. मशीन वापरणार असाल तर आधी ते बंद असताना मुलाच्या हातात खेळायला द्या, मग चालू करून उशीवर ठेवा, मग आपल्या गुडघ्यावर, मग त्याच्या तळहातावर. डोकं अगदी शेवटी.

घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. एखाद्या दिवशी मूल खुशीत असतं, तळहातावर मशीन ठेवू देतं, आणि आपल्याला वाटतं, आज जमतंयच तर दोन केस कापून घेऊ. आम्ही हे केलं. तीन आठवड्यांची कमाई एका मिनिटात गेली आणि पुन्हा उशीपासून सुरुवात करावी लागली.

याच काळात एक 'थांब' कार्ड करा. पुठ्ठ्यावर लाल हात काढला तरी चालेल. मुलाने ते दाखवलं, किंवा हात वर केला, की जिथे असू तिथे थांबायचं. अर्धी बट कापायची राहिली असली तरी थांबायचं. घरच्या सरावात हे शंभर वेळा पाळलं तरच सलूनमध्ये त्याला त्याचा भरवसा वाटेल. मुलं कार्ड सारखं दाखवत बसतील अशी भीती वाटते. सुरुवातीला दाखवतात, कारण ते खरं आहे का हे त्यांना बघायचं असतं.

जोडीला फोटोंची छोटी गोष्ट तयार करा. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही 'सोशल स्टोरी'ची पद्धत रुजवली. पुढे काय होणार ते मुलाला झेपेल अशा साध्या वाक्यांत आधीच सांगून ठेवायचं. सलूनचं दार, खुर्ची, काका, कात्री असे त्याच दुकानाचे पाच-सहा फोटो काढा. खाली लिहा: 'काका कात्रीने केस कापतात. कचकच आवाज येतो. मानेला टोचतं. आई पुसते. मग आपण घरी जातो.' 'काही होत नाही', 'मुळीच दुखत नाही' असं लिहू नका. होतं हे त्याला माहीत आहे, आणि पुढच्या वाक्यावर तो विश्वास ठेवणार नाही.

सलून निवडताना एसी, काचा, कार्टूनचा टीव्ही याला मी महत्त्व देत नाही. माणूस सावकाश हाताचा हवा. गर्दीची वेळ नको. आपल्याकडे बरीच दुकानं सोमवारी बंद असतात आणि रविवारी रांग लागते. मधल्या वारी दुपारी दोन-तीनची वेळ शांत असते. आधी एकटे जाऊन बोला आणि मोजकं सांगा: मुलगा स्वमग्न आहे. मागून हात लावू नका, पुढून दाखवून लावा. फवारा नको. टीव्ही थोडा वेळ बंद ठेवाल का? मी 'थांबा' म्हटलं की थांबा. आणि दोन कटिंगचे पैसे देईन हेही सांगा. त्यांचा वेळ जाणार आहे, त्यात संकोच नको. मला भेटलेल्या सलूनवाल्यांपैकी बहुतेकांनी हे मनापासून ऐकलं. त्यांना कोणी कधी सांगितलेलं नसतं, एवढंच.

पहिल्या दोन-तीन भेटींत केस कापायचे नाहीत. दारातून आत, खुर्चीवर बसून पाच आकडे मोजायचे, काकांना टाटा, घरी.

काही कारागीर घरी येतात. ते सोयीचं आहे, पण झोपायची खोली टाळा. गॅलरीत किंवा बाथरूममध्ये स्टूल टाका. मुलाचा पलंग त्याच्यासाठी निर्धास्त जागा राहायला हवी.

ठरलेल्या दिवशी पोट भरलेलं आणि झोप झालेली हवी. निघण्याआधी अर्धा तास त्याला अंगमेहनतीचं काही करू द्या: उड्या, भिंत ढकलणं, जड पिशवी उचलून आणणं. स्नायूंना असा जोर मिळाला की अनेक मुलं शांत होतात. पुढून बटणं असलेला जुना शर्ट घाला. टी-शर्ट घातला तर शेवटी बारीक केसांनी भरलेली ती मान चेहऱ्यावरूनच ओढून काढावी लागते.

आता खुर्चीकडे बघा. लहान मुलासाठी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतात आणि त्यावर बसवतात. त्या फळीवर बसल्यावर पाय लोंबकळतात. तोल जाईल या भीतीने मूल आधीच ताठरतं, आणि आपण म्हणतो, 'अजून काही केलंही नाही तर रडतोय.' पायांखाली स्टूल किंवा उलटी बादली सरकवा. मांडीवर घडी घातलेली गोधडी ठेवा, तिचं वजन बरं वाटतं. कापडाऐवजी घरचा मऊ पंचा खांद्यावर टाका. केस ओले करायचेच असतील तर कोमट पाण्यात आपला तळहात भिजवून फिरवा.

कात्री की मशीन? आवाज सहन न होणाऱ्याला कात्री, एका जागी बसणं सहन न होणाऱ्याला मशीन. मशीनचं पातं बोथट असेल तर ते केस कापण्याऐवजी ओढतं, म्हणून त्याला आधी तेलाचा थेंब हवा. चालून चालून पातं तापतंही. मधून मधून ते आपल्या मनगटाला लावून बघा. दोन नंबरची कंगवी लावली तर साधारण ६ मिलिमीटर केस राहतात, चार नंबरची लावली तर १३. पहिल्यांदा चारच बरी.

सुरुवात कुठून करायची, हे काकांशी आधी ठरवा. कुठल्याही क्षणी थांबावं लागलं तरी मूल बाहेर जाण्याजोगं दिसलं पाहिजे, असा क्रम ठेवा: आधी डोळ्यांवर येणारे केस, मग मान, मग बाजू, आणि कानाभोवतीचे सगळ्यात शेवटी. कान दुमडून धरायचा असतो तेव्हा तो त्याचा त्यालाच धरू द्या. माझा मुलगा आजही डाव्या हाताच्या दोन बोटांनी कानाची वरची कड खाली दाबून धरतो, डोळे घट्ट मिटतो आणि ओठांनी आकडे मोजतो. कोण कुठे हात लावतंय हे त्याच्या हातात राहतं.

मोजणी ठरवून करा. 'वीस वेळा कात्री' म्हटलं की एकवीस नाही. आपल्याकडून सगळ्यात जास्त मोडला जातो तो हा शब्द. 'झालं, शेवटचं एकदा' असं आपण पाच वेळा म्हणतो. मुलाने सोसायची तयारी एकदाच केलेली असते. एक कल्ला लांब राहिला तर राहू दे.

तरीही बांध फुटू शकतो. कुरकुर, आसवं, 'नको ना' इथपर्यंत थोडं थांबून पुढे जाता येतं. पण मूल थरथरत असेल, स्वतःला मारत असेल, आपला आवाजच त्याच्यापर्यंत पोचत नसेल, तर तो आता समजावण्यापलीकडे गेलेला आहे. कात्री खाली. कमी बोला, बाहेर शांत जागी न्या, प्रश्न विचारू नका. बाकावरची माणसं बघतील, सल्लेही देतील. 'त्याला आवाजाचा त्रास होतो' एवढं एक वाक्य पुरतं. अर्धवट कापलेले केस टोपीखाली झाकता येतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, भीती त्याहून कितीतरी लवकर वाढते.

हातपाय धरून कापण्याबद्दल वर लिहिलं आहेच. हलणाऱ्या डोक्याजवळ कात्री म्हणजे इजेचा धोका, तो वेगळाच. झोपेत केस कापण्याचा मार्ग अनेक पालक धरतात. त्यांना मी दोष देत नाही, पण कात्रीच्या आवाजाने मूल दचकून उठलं तर झोपेवरचाच विश्वास उडतो. गुंगी यावी म्हणून खोकल्याचं औषध किंवा झोपेची गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कधीही देऊ नका.

जावळ आणि मुंज यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे वेळ आपल्या हातात नसते, मुहूर्ताच्या हातात असते. वस्तऱ्याने गोटा करणं हा या मुलांसाठी सगळ्यात अवघड प्रकार. गुरुजींशी आधी भेटून बोला. दोन-चार बटा कात्रीने कापून विधी पूर्ण करायला अनेक गुरुजी तयार होतात. आजी-आजोबांशी हे बोलणं कार्याच्या सकाळी नको, महिनाभर आधी हवं. मांडवात मुलाची बाजू घ्यायला आपल्याखेरीज कोणी नसतं.

मुलींच्या बाबतीत हा छळ अनेकदा रोज सकाळी वेणी घालताना होतो. गुंता खालच्या टोकापासून सोडवत वर जा आणि दुसऱ्या हाताने मुळाशी केस घट्ट धरा, म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही.

केस कापून झाले की काम संपलेलं नसतं. सलूनमधला ब्रश फिरवायची घाई करू देऊ नका, तो काहींना कात्रीपेक्षा वाईट वाटतो. ओल्या मऊ फडक्याने, दाबून, मान टिपा. शर्ट तिथेच बदला. कबूल केलेली गोष्ट, मग ती झोका असो की चिक्की, लगेच द्या. घरी गेल्या गेल्या अंघोळ.

इतकं करूनही दर वेळी मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर व्यवसायोपचार तज्ज्ञांना, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टना, दाखवा. जेवण, कपडे, अंघोळ, कटिंग अशी रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून मदत करणं हेच त्यांचं काम असतं. जाताना आपली वही न्या.

वही म्हणजे साधी दोनशेपानी. तारीख, वेळ, कुठे, काय जमलं, कुठे थांबलो. आमच्या वहीतल्या एका पानावर एवढंच आहे: 'मंगळवार, दुपारी अडीच. फक्त कपाळावरचे. कान नाही. अकरा मोजून झाल्यावर त्याने कार्ड दाखवलं, काका लगेच थांबले. निघताना त्याने काकांच्या कात्रीला बोट लावून बघितलं.'