मोटारींच्या खेळांतील अदृश्य सारथी

संगणकावरील मोटारींच्या शर्यतीचा खेळ तुम्हांपैकीं पुष्कळांनीं खेळला असेल. त्यांत स्थिरतेचें साहाय्य चालू वा बंद करण्याची सोय बहुधा असते. तें बंद असतां निसरड्या वळणावर गाडी गरकन फिरते. चालू असतां सहसा मार्ग सोडीत नाहीं. ही किमया कशी घडते?

मूळ यंत्रणा खऱ्या मोटारींतील आहे. बॉश व मर्सिडीज-बेन्झ यांनीं ती १९९५ सालीं विक्रीच्या गाडींत आणिली. १९९७ सालीं स्वीडनमध्यें, वाटेंत अकस्मात् जनावर आडवें आलें असें मानून घेतलेल्या चांचणींत मर्सिडीजची ए-क्लास गाडी उलटली. तेव्हां त्या जातीच्या सर्व गाड्यांस ही यंत्रणा देण्यांत आली.

खेळ रचणारा प्रतिक्षणीं दोन संख्यांची तुलना करितो. स्टीअरिंगचा कोन, वेग व पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर यांवरून चालकास गाडी किती वळावयास हवी आहे तें कळतें. दुसरी संख्या ती प्रत्यक्षांत किती वळते याची. गाडीचें तोंड वळणाबाहेर जाऊं लागल्यास आंतील बाजूच्या मागच्या चाकास ब्रेक लावावयाचा. मागचा भाग बाहेर फेंकला जाऊं लागल्यास बाहेरील बाजूच्या पुढच्या चाकास. एकाच चाकास ब्रेक लागल्यानें गाडी इष्ट दिशेस फिरते.

परंतु चालकाच्या इच्छेस घर्षणाची मर्यादा आहे. ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी, घर्षणांक ०.९ असलेल्या कोरड्या रस्त्यावर सेकंदास सुमारें २५ अंश वळूं शकते, घर्षणांक ०.४ झाला कीं केवळ ११ अंश. खेळास हा अंक आधींच ठाऊक असतो. खऱ्या गाडीस तो अनुमानानें काढावा लागतो. म्हणून प्रामाणिक खेळांत हें अज्ञान व ब्रेक लागण्यास होणारा अल्प विलंबही दाखविला पाहिजे. गाडीस गुप्तपणें ढकलून मार्गावर आणणारा खेळ सोपा खरा, परंतु तो खोटा धडा शिकवितो.

ह्या धड्याची किंमत मोठी आहे. आज खेळणारीं मुलें उद्यां खरी मोटार हांकतील. ही यंत्रणा असलेलें घर्षण योग्य चाकास वांटून देते. नवें निर्माण करीत नाहीं. वेग दुप्पट केल्यास त्याच वळणास चौपट घर्षण लागतें. खेळांत चुकलेला डाव पुन्हां मांडतां येतो. रस्त्यावर तशी सोय नाहीं, हें मुलांनीं व पालकांनीं ध्यानांत ठेवावें.