वेदी आणि मेज

ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत पाऊल टाकणाऱ्याची दृष्टि आपोआप समोरच्या टोंकाकडे वळते. देवळांत गाभाऱ्याचें जें स्थान, तेंच तेथें वेदीचें. परंतु सर्व ख्रिस्ती मंदिरांतून तिचें रूप एक नाहीं. जुन्या गोव्यांत १६०५ सालीं पवित्रीकरण झालेल्या बॉम जीझस मंदिरांत वेदीच्या मागें थेट वरपर्यंत गेलेलें सोनेरी मुलाम्याचें कोरीव काम आहे, आणि त्यांत बाल येशूची व संत इग्नेशियस लॉयोलाची मूर्ति आहे. उलट अनेक प्रॉटेस्टंट मंदिरांत एका साध्या लांकडी मेजावांचून दुसरें कांहींच नसतें. हा भेद ऐपतीचा किंवा आवडीचा नव्हे. त्याच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नापायीं युरोपांत माणसांनीं प्राणही गमावले आहेत.

वेदी म्हणजे बळी अर्पण करण्याची जागा. यरुशलेमच्या मंदिरांतील वेदीवर यहुदी लोक पशूंचे बळी देत, इ. स. ७० मध्यें रोमनांनीं तें मंदिर उद्ध्वस्त केल्यावर ती प्रथा थांबली. येशूनें मात्र आपल्या मरणाच्या आदल्या रात्रीं शिष्यांबरोबर भोजन करतांना भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा प्याला फिरविला, त्यांस आपलें शरीर व आपलें रक्त म्हटलें, आणि आपल्या स्मरणार्थ हें करीत राहण्यास सांगितलें. म्हणजे हा विधि मेजाभोंवतीं सुरू झाला, परंतु त्याचा विषय होता आत्मार्पण. भोजन आणि बळी ह्या दोन कल्पना तेथेंच एकमेकींत गुंफल्या गेल्या.

आरंभींचे ख्रिस्ती लोक घरोघरीं जमत. ह्यांना ना देवळें ना वेद्या, असा टोमणा रोमन लोक त्यांस मारीत. पुढें धर्मासाठीं मरण पत्करलेल्यांच्या थडग्यांजवळ उपासना करण्याची चाल पडली, आणि चौथ्या शतकांत राजाश्रय मिळाल्यावर अशा थडग्यांवर मोठीं मंदिरें उठलीं. रोममधील संत पीटरच्या मंदिराची मुख्य वेदी, परंपरा सांगते त्याप्रमाणें, त्याच्या समाधीवरच उभी आहे. ह्याच भावनेनें वेदी दगडाची झाली, तिच्यांत हुतात्म्यांचे अवशेष ठेवण्यांत येऊं लागले, आणि येशूच्या पांच जखमांची खूण म्हणून तिच्यावर पांच क्रूस कोरण्याची रीत पडली. वेदी स्वतःच ख्रिस्ताचें प्रतीक ठरली. म्हणूनच मिस्सेच्या आरंभीं पुरोहित तिचें चुंबन घेतो. आणि पवित्र गुरुवारच्या उपासनेनंतर तिच्यावरील वस्त्रें काढून घेतात, तीं येशूच्या मृत्यूच्या स्मरणाचा शुक्रवार येतो तेव्हां वेदी उघडीच असावी म्हणून.

सोळाव्या शतकांत धर्मसुधारकांनीं विचारलें, येशूनें आपला बळी एकदांच आणि पूर्णपणें दिला. मग पुन्हां वेदी कशाला? रोमन कॅथॉलिकांचें उत्तर असें कीं, मिस्सेंत दुसरा बळी दिला जात नाहीं; तोच एक बळी भक्तांसमोर उपस्थित होतो. १५६२ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें ही शिकवण निश्चित शब्दांत मांडली. त्यापूर्वींच १५२५ सालीं ज्यूरिकमध्यें झ्विंग्लीनें साध्या मेजावर लांकडी थाळ्या व प्याले ठेवून प्रभुभोजनाचा विधि चालविला होता. लूथरच्या अनुयायांनीं मात्र वेदी राखली. लंडनचा बिशप निकोलस रिडले यानें १५५० सालीं दगडी वेद्या काढवून त्यांच्या जागीं मेजें मांडविलीं. पुढें राज्य पालटलें, आणि १५५५ सालीं प्रभुभोजनाविषयींच्या मतांबद्दल त्यास ऑक्सफर्ड येथें जिवंत जाळण्यांत आलें. पुढल्या शतकांत आर्चबिशप विल्यम लॉड यानें तींच मेजें पूर्वेकडील भिंतीशीं वेदीप्रमाणें लाववून पुढें कठडे घालविले. १६४५ सालीं त्याचाही शिरच्छेद झाला, आणि त्याच्यावरील आरोपांत उपासनेंतील असे फेरफारही होते. एकाचा प्राण मेजाच्या पक्षानें गेला, दुसऱ्याचा वेदीच्या.

कॅथॉलिक मंदिरांत शतकानुशतकें पुरोहित वेदीकडे तोंड करून व लोकांकडे पाठ करून उभा राही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेच्या काळांत, १९६४ सालीं, निघालेल्या सूचनापत्रांत असें सांगण्यांत आलें कीं, मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे तिच्याभोंवतीं फिरतां येईल आणि लोकांकडे तोंड करून विधि करतां येईल. तेव्हांपासून बहुतेक कॅथॉलिक मंदिरांतून ती पुढें आली, आणि वेदी राहूनही मेजासारखी दिसूं लागली.

ह्या सर्व वादांहून जुनें असें एक वचन मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे. त्याचा आशय असा कीं, वेदीपाशीं अर्पण आणलेल्या मनुष्यास आपल्या भावाचें मन आपणाविषयीं दुखावलेलें आहे असें आठवलें, तर त्यानें अर्पण तेथेंच ठेवावें, आधीं जाऊन भावाशीं समेट करावा, आणि मग परत येऊन अर्पण करावें. रिडलेला जाळणाऱ्यांनीं आणि लॉडचें मस्तक उडविणाऱ्यांनींही हें वचन वाचलेलें होतें. कॅथॉलिक मिस्सेंत प्रसादाची भाकर घेण्यापूर्वीं उपासक शेजाऱ्यास शांतीची खूण देतात, ती ह्याच आज्ञेची आठवण करून देते. भारतांत पुष्कळ ठिकाणीं ती हात जोडून, नमस्कार करून दिली जाते.