दुसऱ्यांच्या संकटीं धांवणाऱ्यांचें घर

रांजणगांवच्या गणपतीचें दर्शन घेऊन शिरूरकडे जावें, किंवा सिद्धटेकच्या यात्रेसाठीं दौंडच्या स्थानकावर उतरावें, असा योग आपल्यापैकीं अनेक कुटुंबांस येतो. वाटेंत भोंगा वाजवीत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका समोरून निघून जाते. आपण गाडी बाजूस घेतों आणि आंतील रुग्णासाठीं मनांतल्या मनांत हात जोडतों. पण तिच्या चालकाची व डॉक्टरची त्या दिवसाची ही कितवी खेप असेल, आणि घरीं गेल्यावर त्यांना झोंप लागत असेल कीं नाहीं, हा विचार आपणांस क्वचितच शिवतो.

दौंड येथें राज्य राखीव पोलिस दलाचे ५ व ७ हे दोन गट आहेत. कोठें दंगल उसळली, निवडणूक आली कीं येथील जवान बिऱ्हाड मागें ठेवून निघतात. २०२० च्या साथींत यांतील कांहीं जण मुंबईच्या बंदोबस्ताहून परतले ते आजार घेऊनच. पोलिस लाइनींतील त्यांच्या गृहिणींनीं ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना त्या साथीचें भय अनुभवलेल्या प्रत्येक घरास करतां येईल.

ज्या घोड नदीच्या काठीं शिरूर वसलें आहे, तिच्याच वरच्या खोऱ्यांत माळीण हें गांव आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगराचा कडा त्यावर कोसळला व १५१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान भर पावसांत कित्येक दिवस चिखल उपसत होते. आरंभीं जिवंत माणूस हातीं लागेल ही आशा असते; पुढें केवळ देह हातीं येतात. असें काम करून आलेल्या माणसाच्या मनावर कांहींच ओरखडा उठूं नये, अशी अपेक्षा करणें न्यायाचें आहे काय?

वैद्यकशास्त्रासहि हें उमगण्यास वेळ लागला. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनीं रणांगणावरून आलेल्या सैनिकांच्या अशाच अवस्थेचें ‘शेल शॉक’ या नांवानें वर्णन केलें. १९८० सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनीं आघातोत्तर तणावाच्या विकारास आपल्या ग्रंथांत स्थान दिलें. आणि कर्तव्य म्हणून भीषण दृश्यें वारंवार पाहावीं लागणाऱ्यांसहि तो जडूं शकतो, हें २०१३ च्या आवृत्तींत स्पष्ट नमूद झालें. सारांश, हा भित्रेपणा नव्हे. ही कामावर झालेली जखम आहे.

ही जखम प्रथम दिसते ती घरच्यांसच. झोंपेंत दचकणें, क्षुल्लक कारणावरून मुलांवर खेंकसणें, सणावारीं चार माणसांत न बसणें, मद्याचा आधार घेणें, अशीं लक्षणें महिना उलटला तरी ओसरलीं नाहींत, तर तज्ज्ञाकडे जाणेंच इष्ट. परंतु वडील मंडळी म्हणतात, “पुरुषासारखा पुरुष, आणि हें काय?” आणि तो अधिकच मुका होतो. त्यांतच ‘वेडा’ हा शिक्का बसेल, नोकरींत कमीपणा येईल, हें भय असतेंच.

मग घरच्यांनीं काय करावें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेचें सार तीन शब्दांत येतें: पाहा, ऐका, जोडून द्या. काय घडलें तें सांगण्याचा आग्रह धरूं नये. तो आपण होऊन बोलूं लागला, तर मध्येंच उपदेश करूं नये. वेळेवर जेवण, शांत निजणें आणि ‘आम्ही आहोंत’ हा विश्वास, एवढेंहि पुष्कळ आहे. एकत्र कुटुंबांत ऐकणारें माणूस मिळणें सुलभ. मात्र त्याचें दुःख ओसरीवरच्या चर्चेचा विषय होतां कामा नये. पत्नीसहि विसरूं नये. पतीचें मौन व रात्रींचीं जागरणें तीच सोशीत असते.

घराची शक्ति अपुरी पडे तेथें शास्त्राची मदत घ्यावी. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखालीं वांचलेल्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास झाला. मनावरील घाव घरें उभीं राहिल्यानें भरत नाहींत, ही जाणीव आपल्याकडे त्यानंतर वाढली. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठींतहि समुपदेशकाशीं बोलतां येतें. तेथें जवानाप्रमाणेंच त्याच्या आईनें वा पत्नीनेंहि बोलावें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें उपचाराचा व गुप्ततेचा हक्क प्रत्येकास दिला आहे.

आपल्या हांकेस धांवून येणाऱ्याची हांक कोणीं ऐकावयाची? त्याच्या खात्यानें तर ऐकलीच पाहिजे. पण ती पहिल्यानें उमटते घराच्या उंबऱ्याआंत. तेथें ती ऐकिली गेली, तर दुसऱ्या दिवशीं तोच माणूस अधिक स्थिर पावलांनीं आपल्या दारीं मदतीस येईल.